मुलीला घरची भाषा कळते, पण उत्तर शाळेच्या भाषेत देते, मग घरी कुठली भाषा बोलायची?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे अशाच अवस्थेतल्या बाकीच्या आईबाबांनाही संदर्भ लागेल. मुलगी साडेतीन वर्षांची, घरात तुम्ही दोघंही मराठी, बाहेर सगळीकडे दुसरीच भाषा. पाच महिन्यांपूर्वी शाळा सुरू झाली आणि आता तुम्ही मराठीत काही विचारलं की ती उत्तर शाळेच्या भाषेत देते. टीचर म्हणाल्या घरीसुद्धा शाळेचीच भाषा बोला म्हणजे तिचा गोंधळ होणार नाही. नवरा म्हणतो राहू दे, मोठी झाली की शिकेल. आजी व्हिडिओ कॉलवर आली की मुलगी पळून जाते. शिवाय सात महिन्यांचं बाळ आहे, त्याच्याशी कसं बोलायचं हेही तुम्ही विचारलंय.

मी २२ वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं दोन भाषांत वाढणारीच असतात, त्यामुळे आधी सरळ उत्तर देऊन टाकते. घरी मराठीच बोला, दोघंही, आणि मुलीने उत्तर कुठल्याही भाषेत दिलं तरी तुम्ही मराठी सोडू नका. टीचरचा हेतू चांगला असेल यात शंका नाही, पण हा सल्ला मात्र चुकीचा आहे, आणि हा सल्ला ऐकून घरची भाषा बंद केलेली इतकी कुटुंबं मी पाहिली आहेत की यावर जरा सविस्तरच लिहिते.

गोंधळ होतो ही समजूत फार जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांत बऱ्याच अभ्यासांनी म्हटलं होतं की दोन भाषा बोलणारी मुलं मागे पडतात, पण त्या अभ्यासांत गरीब घरातली, नुकतीच नवीन देशात आलेली मुलं घेऊन त्यांची तुलना सुस्थितीतल्या एकभाषिक मुलांशी केलेली असायची आणि परीक्षाही त्यांना धड न येणाऱ्या भाषेत. १९६२ साली माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी घरची परिस्थिती वगैरे जुळवून १० वर्षांच्या मुलांची तुलना केली, तेव्हा दोन भाषा चांगल्या येणारी मुलं मागे तर नव्हतीच, बऱ्याच चाचण्यांत पुढे होती. म्हणजे टीचर जे म्हणतायत त्याला उत्तर मिळून साठ वर्षं झाली. मुलं अगदी लहानपणापासून कुणाशी कुठली भाषा बोलायची हे ओळखतात, तुमची मुलगीसुद्धा ओळखते, शाळेत ती मराठी बोलत नाही ना? मग गोंधळ कुठे आहे. तिला नीट कळलंय की आईबाबांना दोन्ही भाषा येतात, म्हणजे घरात कुठलीही चालते, आणि दिवसभर जी तोंडात बसलीय ती सोपी पडते. बास, एवढंच झालंय.

खरी अडचण वेळेची आहे. एकदा बसून हिशोब करा. या वयाचं मूल दिवसाला साधारण १२ तास जागं असतं, आठवड्याचे ८४ झाले. शाळा आणि पाळणाघर मिळून रोज ८ तास असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे पाच दिवसांचे ४० गेले, उरले ४४. त्यातून आवराआवर, प्रवास, टीव्ही, तुमची कामं, बाळाचं सगळं, हे वजा केलं की समोरासमोर बोलणं असं किती उरतं? माझ्याकडे येणाऱ्या घरांत हा आकडा बऱ्याचदा १५ तासांच्या आसपास येतो. बार्बरा पिअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मायामीतल्या लहान मुलांवर जे काम केलं त्यात असं दिसलं होतं की जागेपणीच्या वेळेच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा कमी वेळ एखादी भाषा मिळाली तर मुलं ती बोलायला फारशी तयार होत नाहीत. ८४ चा पाचवा हिस्सा म्हणजे १७ च्या जरासं खाली. म्हणजे तुम्ही काठावर आहात, आणि टीचरचं ऐकून आहे तेही अर्धं केलंत तर काठाच्या पलीकडे जाल.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तास मोजले तरी त्या तासांत आपण बोलतो काय? एक दिवस फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा, संध्याकाळी ऐका. माझ्याकडे येणाऱ्या आईबाबांना मी हे करायला लावते आणि जवळजवळ प्रत्येक जण गप्प होतो, कारण ऐकू येतं ते असं की ऊठ, चल, आवर, दात घास, लवकर, बूट घाल, इकडे ये, ओरडू नको, झोप आता. सगळा आज्ञार्थ! म्हणजे घरच्या भाषेत मुलीला फक्त हुकूम मिळतायत, आणि गोष्टी, खेळ, मैत्रिणी, भांडणं, गंमती, शोध हे सगळं शाळेच्या भाषेत घडतंय. मग ती शाळेतून आल्यावर 'आज काय झालं' म्हटल्यावर मराठीत कसं सांगणार? रोहनने घसरगुंडीवर ढकललं म्हणून मी पडले आणि मग रडले पण टीचरने जवळ घेतलं, एवढं सांगायला भूतकाळ लागतो, 'म्हणून' लागतं, 'पण' लागतं, 'ढकललं' हा शब्द लागतो, आणि त्यातला एकही तिने गेल्या आठवड्यात घरात ऐकलेला नसतो. ती हट्टाने मराठी टाळत नाहीये, तिच्याकडे ते सामानच नाहीये.

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा की शाळेचा दिवस घरात मराठीतून आणा. शाळा फोटो पाठवत असेल तर रात्री ते फोटो बघत तुम्हीच सांगायला लागा, अरे वा, इथे तू रांगेत उभी आहेस, हा मुलगा का बरं रडतोय, कुणी घेतलं त्याचं खेळणं, मग काय झालं. या आठवड्यात वर्गात काय विषय आहे हे टीचरना विचारून ठेवा, किडे असतील तर आदल्या दिवशीच सुरवंट, कोष, पंख, सरपटणं हे शब्द खेळता खेळता तिच्या कानावर घाला. याचा शाळेलाही फायदाच होतो, कारण एकदा कल्पना कळली की दुसऱ्या भाषेत फक्त तिचं नाव शिकायचं राहतं. दोन भाषांत शिकणाऱ्या मुलांचे अभ्यासक जिम कमिन्स १९७० च्या दशकाच्या शेवटापासून हेच सांगत आलेत, की घरच्या भाषेत जे पक्कं होतं ते दुसऱ्या भाषेत कामाला येतं. टीचरना हे समजावताना भांडू नका, फक्त म्हणा की घरी आम्ही आमच्या भाषेत याच विषयावर बोलतो, तुम्ही आम्हाला आधी विषय सांगत चला. आणि पाणी, दुखतंय, शू लागली, आई येणार आहे, असे पाचसहा मराठी शब्द उच्चारासकट लिहून द्या त्यांना. मुलीने वर्गात आपला एक शब्द टीचरच्या तोंडून ऐकला ना, की तिच्या मनात त्या भाषेची पत वाढते, हे मी अनेकदा पाहिलंय.

दुसरं, ती शाळेच्या भाषेत बोलली की तुम्ही पुढच्या क्षणी काय करता. नॉर्वेमध्ये एलिझाबेथ लान्झा यांनी दोन भाषांच्या घरांतली संभाषणं रेकॉर्ड करून दाखवलं की पालक कसा प्रतिसाद देतात त्यावर मूल त्या घरात कुठली भाषा वापरायला शिकतं हे बरंच ठरतं. उदाहरणापुरती शाळेची भाषा इंग्रजी धरू. मुलगी म्हणाली, 'आय वाँट द रेड वन.' तुम्ही इंग्रजीत 'ओके, हिअर' म्हणून दिलंत तर विषय संपला, मराठीची गरजच पडली नाही. तुम्ही 'मराठीत बोल! मराठीत बोलल्याशिवाय देणार नाही' म्हणालात तर मराठी म्हणजे शिक्षा झाली. या दोन्हीच्या मधे बरीच जागा आहे. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली पद्धत म्हणजे दोन पर्याय देऊन विचारणं, 'तुला लाल हवाय की निळा?' यात तिला लागणारा शब्द तुम्हीच तिच्या हातात ठेवता आणि तिला फक्त उचलायचा असतो, बहुतेक मुलं 'लाल' म्हणतात आणि त्यांच्या लक्षातही येत नाही की आपण मराठीत बोललो. नाहीच म्हणाली तर 'लाल हवाय होय, हा घे लाल' म्हणायचं, द्यायचं आणि पुढे जायचं. दिवसातून वीस वेळा हे होऊ दे. मी समजलेच नाही असं नाटक मात्र करू नका, साडेतीन वर्षांच्या मुलीला पक्कं माहीत असतं की आईला कळतं, ते नाटक तिला खोटं वाटतं. आणि ती रडत असेल, आजारी असेल, काहीतरी भारी सांगायला धावत आली असेल तर त्या वेळी भाषेचा विचारच करू नका, ऐकून घ्या, तुम्ही तुमचं मराठीत बोला, झालं.

चुका सुधारण्याचंही तेच. 'मी चित्र काढलो' म्हणाली तर 'अगं बाई, तू चित्र काढलंस? दाखव की' इतकंच. तीन लिंगं, मी गेले पण मी केलं, आपण आणि आम्ही यातला फरक, हे सगळं ऐकून ऐकूनच येतं आणि कमी ऐकणाऱ्या मुलांना उशिरा येतं. 'आम्ही खेळूया ना' असं ती तुम्हाला म्हणाली तर ती तुम्हाला वगळत नाहीये, तिच्या दुसऱ्या भाषेत बहुधा या दोन्हीला एकच शब्द आहे. तुम्ही फक्त 'हो, आपण खेळूया' म्हणा.

आणि कृपा करून, हसू नका, कुणाला हसू देऊ नका. हे मी फार कळवळून लिहितेय. माझ्याकडे एक पाच वर्षांचा मुलगा यायचा, सगळं कळायचं, बोलायचाही बऱ्यापैकी. नातेवाईक जमले होते, त्याने काहीतरी लिंग चुकवून वाक्य म्हटलं, सगळे प्रेमानेच हसले, आणि मग प्रत्येक येणाऱ्यासमोर त्याला तेच वाक्य परत म्हणायला लावलं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो कुटुंबातल्या कुणाशी मराठीत बोलला नाही. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण मुलाला एवढंच कळतं की ही भाषा मी बोललो की लोक हसतात आणि दुसरी बोललो की शाबास म्हणतात. त्यामुळे पाहुण्यांपुढे 'मराठीत म्हणून दाखव' हा प्रकारही बंद. तिला भाषेत राहू द्या, तिची परीक्षा घेऊ नका.

आजीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. आजी काय विचारते? जेवलीस का, शाळेत गेलीस का, आजीला विसरलीस ना, बोल ना काहीतरी. बिचारीचा जीव तुटतो हे खरंय, पण साडेतीन वर्षांच्या मुलीला यावर बोलण्यासारखं काही नाही, म्हणून पळते. कॉलवर गप्पा नकोत, काम हवं. आजीने एक डोळा झाकून लपाछपी खेळावी, बाहुलीला ताप आलाय असं करून मुलीला डॉक्टर करावं, एकच चित्रांचं पुस्तक दोन्ही घरी ठेवून पानं उलटावीत, शब्द नसलेलं नुसत्या चित्रांचं पुस्तक तर फारच छान, कारण त्याची गोष्ट कुठल्याही भाषेत सांगता येते. रोज दहा मिनिटं पुरतात, रविवारी तासभर नको. आणि प्रत्यक्ष समोरचं माणूस हवंच, नुसते व्हिडिओ लावून भाषा येत नाही. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या प्रयोगात ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं १२ वेळा प्रत्यक्ष खेळली तर बाळांना चिनीतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले, आणि त्याच माणसांचे व्हिडिओ दाखवलेल्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. आजीचा कॉल मात्र वेगळा, कारण आजी मुलीच्या बोलण्याला उत्तर देते. २०१४ च्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं लाइव्ह व्हिडिओ कॉलवरून नवीन क्रियापदं शिकली, रेकॉर्ड केलेल्यावरून नाही. तेव्हा मराठी कार्टून लावून आपलं काम झालं असं समजू नका, लावायचंच असेल तर शेजारी बसून त्यावर बोला.

तुमच्या मिस्टरांना काय सांगायचं? 'मोठी झाली की शिकेल' यात धोका आहे, कारण लहान वयात भाषा जितकी पटकन येते तितकीच पटकन जाते. ३ ते ८ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्सला दत्तक गेलेल्या मुलांची मोठेपणी क्रिस्तोफ पालिए यांच्या गटाने तपासणी केली (२००३), तर त्यांना कोरियन वाक्यं इतर परक्या भाषांपासून वेगळी ओळखताही आली नाहीत. अर्थात त्या मुलांची भाषा एका दिवसात पूर्ण बंद झाली होती, तुमच्या मुलीची तशी परिस्थिती नाही, पण साताठ वर्षांपर्यंतच्या मुलाची भाषा आपोआप टिकत नाही एवढं यातून घ्यावं. आणि घरात दोघांनी धरून ठेवली तर किती फरक पडतो तेही सांगते. आनिक द हाउवर यांनी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या जवळपास १,९०० कुटुंबांची माहिती २००७ मध्ये मांडली. जिथे आईबाबा दोघंही घरात फक्त घरचीच भाषा बोलत होते तिथे १०० पैकी जवळजवळ ९७ घरांत मुलं ती बोलत होती. एक पालक एक भाषा आणि दुसरा पालक दुसरी, अशा घरांत हा आकडा ७४ च्या आसपास होता. म्हणजे तुम्ही दोघं मराठी असणं हा मोठा ठेवा आहे, पण बाबांनी दमून आल्यावर शाळेच्या भाषेत उत्तर देण्याची सवय लावली तर तो हातचा जाईल.

शुद्ध मराठीचा आग्रह मात्र नको. टेबल, फोन, बस, टीचर हे आपल्या बोलण्यात आहेतच, राहू देत. वाक्यं मराठीत असली, क्रियापदं मराठीत असली, विचार पूर्ण मराठीत होत असला की पुरे. 'कॅच कर, जंप कर, स्लीप कर' असं सगळ्याच क्रियापदांचं व्हायला लागलं की मात्र सावध व्हा, कारण 'कर' लावून बोलायची सवय लागली की झेल, उडी, झोप, ढकल, चिकटव, घसर हे शब्द मुलाच्या वाट्याला येतच नाहीत.

मैत्रिणींसमोर ती तुम्हाला 'असं बोलू नकोस ना' म्हणेल, आज नाही तर वर्षभरात. तेव्हा रागावू नका. तिच्या कानात हळू मराठीत बोला आणि मैत्रिणीला तिच्या भाषेत सांगा. जमलं तर मराठी बोलणारं एखादं मूल शोधा, थोडं मोठं असेल तर अजून उत्तम. आठवड्यातून दोन तास एका मुलीबरोबर खेळणं हे आईच्या कितीतरी तासांच्या बोलण्यापेक्षा जास्त काम करतं, कारण तिथे खेळायचं असेल तर बोलावंच लागतं. वाचन-लेखनाची घाई आत्ता नको, पाच-सहाव्या वर्षी स्वतःचं नाव देवनागरीत लिहिण्यापासून सुरुवात करा. ते सोडू मात्र नका, ज्यांना घरची भाषा वाचता येते त्यांच्याकडे ती जास्त टिकते असं माझ्या पाहण्यात आहे.

काळजी कधी करायची तेही लिहून ठेवते. नवीन शाळेत काही आठवडे, कधी दोनतीन महिने मूल गप्प राहणं यात काही वावगं नाही. दोन भाषांची सरमिसळ हा आजार नाही. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. पण दोन वर्षांच्या मुलाकडे दोन्ही भाषा मिळून ५० सुद्धा शब्द नसतील, दोन शब्द जोडत नसेल, तीन वर्षांनंतरही घरच्यांना बोलणं समजत नसेल, किंवा येत असलेले शब्द दोन्ही भाषांतून गळायला लागले असतील तर थांबू नका, आधी कानांची तपासणी आणि मग थेरपिस्ट. खरी भाषिक अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. तुमच्या मुलीच्या वर्णनात मला तसं काही दिसत नाही. आणि कुठल्याही थेरपिस्टने 'आधी एक भाषा बंद करा' असं सांगितलं तर दुसरं मत घ्या. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवरच्या २००५ च्या एका अभ्यासातसुद्धा दोन भाषा ऐकणारी मुलं एक भाषा ऐकणाऱ्या तशाच मुलांपेक्षा मागे नव्हती.

राहिलं बाळ. त्याच्याशी मराठीच, पहिल्या दिवसापासून जशी बोलत असाल तशीच. एक गोष्ट आत्तापासून बघा, मोठं भावंड शाळेची भाषा घरात आणतं आणि धाकटं तीच उचलतं, म्हणून बऱ्याच घरांत दुसरं मूल पहिल्यापेक्षा कमी मराठी बोलतं. तुमच्याकडे अजून वेळ आहे, बाळ बोलायला लागायला काही महिने आहेत. मुलीला सांगा की बाळाला अजून फक्त आपली भाषा कळते, तुझ्या शाळेतली कळत नाही, आणि ते खरंही आहे. रोज संध्याकाळी पाच मिनिटं तिला बाळाला एक पुस्तक 'वाचून' दाखवू द्या, तिला वाचता येत नाही तरी चालेल, चित्रं बघून सांगू दे. तुम्ही लांब बसा, मधे पडू नका, शब्द अडला आणि तिने तुमच्याकडे पाहिलं तरच हळूच सांगा. दोन आठवडे करून बघा आणि काय झालं ते मला नक्की कळवा.